चार गुणांचा औदुंबर

दहावीच्या मराठीचा लेखी पेपर 80 गुणांचा, वेळ तीन तास. भागाकार केला तर एका गुणाच्या वाट्याला सव्वादोन मिनिटं येतात. कवितेच्या रसग्रहणाला 4 गुण, म्हणजे 9 मिनिटं. त्यातलं एक मिनिट नवं पेन उमटत नाही म्हणून ते कागदाच्या कोपऱ्यात गिरवण्यात जातं. आणखी एक मिनिट जातं ते पुढच्या बाकावरच्या मुलीने इतक्यात पुरवणी कशी मागितली, या काळजीत. उरलेल्या सात मिनिटांत कविता आठवायची, तिच्यात शिरायचं, तिथला रस चाखायचा, अलंकार ओळखायचा, संदेश घ्यायचा आणि अधोरेखित शीर्षकं टाकून बाहेर यायचं. काव्याचा आस्वाद घ्यायला सहृदय रसिक लागतो, असं काश्मीरच्या अभिनवगुप्ताने हजारेक वर्षांपूर्वी मांडलं. तो रसिक मार्च महिन्यात, सकाळी अकरा वाजता, हालणाऱ्या बाकावर बसून, बैठक क्रमांक अक्षरी लिहून झाल्यावर लगेच सहृदय व्हायला तयार असावा, ही अट मात्र त्याने घातलेली नव्हती. ती आपण घातली.

मी सांगली जिल्ह्यात मराठी शिकवतो, आणि ही अट मला फारशी जाचक वाटत नाही. परीक्षेने कविता मारली, हे वाक्य ऐकवून लोक माझ्याकडे सहानुभूतीने बघतात. बोलणाऱ्याने शेवटची कविता कधी वाचली, असं मी विचारत नाही, कारण उत्तर माहीत असतं: दहावीला. तिथून पुढच्या आयुष्यात त्यांना कुणी समोर कविता ठेवून, 'या ओळीत तुला काय दिसलं ते सांग' असं म्हणालेलं नाही. बँक विचारत नाही, सासरची माणसं विचारत नाहीत, निवडणुकीला उभा राहिलेला माणूस तर मुळीच विचारत नाही. फक्त दहावीची प्रश्नपत्रिका विचारते. नऊ मिनिटं का होईना, विचारते.

तिने विचारलेल्या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, हा खरा गमतीचा भाग आहे.

मुलांना तीन कप्पे शिकवलेले असतात. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं. पहिल्यात कवी, विषय, मध्यवर्ती कल्पना, संदेश. दुसऱ्यात रस, अलंकार, प्रतिमा. तिसऱ्यात शब्दरचना, यमक, लय, बोली. हे कप्पे मीही फळ्यावर आखतो, त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो कप्प्यांत आधीच भरून ठेवलेल्या मालावर. लग्नात आहेराला आलेले ब्लाउजपीस जसे घडी न मोडता एका घरातून दुसऱ्या घरी फिरत राहतात, तशी काही वाक्यं एका कवितेकडून दुसरीकडे फिरत असतात. 'कवितेची भाषा साधी, सोपी आणि ओघवती आहे.' 'वाचकाच्या डोळ्यांसमोर हुबेहूब चित्र उभे राहते.' 'कवीने समर्पक शब्दयोजना केली आहे.' यांतलं कुठलंही वाक्य कुठल्याही कवितेच्या ओटीत घालता येतं, कुणाचाही मान राहतो आणि आत कुणी बघत नाही.

पण कधीकधी माप चुकतं. 2018 साली आलेल्या दहावीच्या 'कुमारभारती' पाठ्यपुस्तकात मोरोपंतांचं 'भरतवाक्य' आहे. केकावलीतलं, पृथ्वी वृत्तातलं. ओळीला सतरा अक्षरं आणि गण ज स ज स य, मग लघू, मग गुरू. अठराव्या शतकातला हा बारामतीचा पंडित एकेका ओळीत इतका अर्थ कोंबतो की अन्वय लावल्याशिवाय दार उघडत नाही. वर्गात आम्ही एकेक शब्द सोडवत दोन तास काढतो. मुलं घामाघूम होतात. मग तीच मुलं उत्तरात लिहितात, 'मोरोपंतांची भाषा साधी, सोपी व ओघवती आहे.' हे वाचून स्वर्गात मोरोपंत खचितच दुखावले असतील. आयुष्यभर आर्या घासूनपुसून अवघड केल्या त्या काय यासाठी?

संदेशाचं प्रकरण याहून अवघड आहे. आपल्याकडे अर्धी परंपरा संतकवींची, त्यामुळे कवितेने जाताजाता काहीतरी शिकवून जावं अशी सवय आपल्या कानांना लागलेली आहे. रामदासांच्या 'उत्तमलक्षण'वर मुलं खूश असतात, कारण दासबोधाच्या दुसऱ्या दशकातल्या त्या समासात संदेश शोधावा लागत नाही. ओळीओळीला एक. विचारल्याशिवाय वाटेने जाऊ नका, ओळखल्याशिवाय फळ खाऊ नका, पडलेली वस्तू झटकन उचलू नका. समर्थांनी गाईड स्वतःच लिहून ठेवलं आहे. पण त्याच मुलाला निसर्गकविता दिली की तो संदेशासाठी कासावीस होतो. कवीने नुसतं काहीतरी पाहिलं आणि सांगितलं, एवढ्यावर त्याचा विश्वास बसत नाही. मनात हेतू असल्याशिवाय कोणी आठ ओळी का लिहील?

याच कारणाने मी रसग्रहण शिकवताना बालकवींची 'औदुंबर' घेतो. ती या पुस्तकात नाही, म्हणून गाईडमध्येही नाही. आठच ओळी आहेत. त्यात कुणी कुणाला काही सांगत नाही. दोन्ही काठांना हिरवळ घेऊन एक झरा चालला आहे, टेकडीकडे लहानसं खेडं आहे, पुढे शेतमळे, त्यांतून वळणं घेत जाणारी एक वाट, ती पोचते एका काळ्या डोहाशी, आणि तिथे पाण्यात पाय सोडून झाड बसलं आहे. संपली कविता. या आठ ओळींवर मराठी समीक्षकांनी जेवढं लिहिलं आहे तेवढं एखाद्या कादंबरीवर क्वचित लिहिलं गेलं असेल. कुणाला ते निव्वळ निसर्गचित्र वाटलं, कुणाला वाट म्हणजे आयुष्य आणि डोह म्हणजे मृत्यू वाटला, कुणाला ते झाड संसाराकडे पाठ फिरवून बसलेला विरक्त योगी वाटलं.

आमच्या वर्गात या वादात एक स्थानिक बाजूही असते. औदुंबर हे आमच्याच जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं गाव. दत्ताचं क्षेत्र. दर संक्रांतीला तिथे साहित्य संमेलन भरतं, आणि कवी सुधांशु तिथलेच. तेव्हा फळ्यावर शीर्षक लिहून मी वळतो न वळतो तोच मागून आवाज येतो, "सर, ही आमच्या औदुंबरवरची हाय न्हवं?"

बालकवी खानदेशातले, धरणगावला जन्मलेले, असं सांगून हा प्रश्न तिथल्या तिथे मिटवता येतो. पण मी तो मिटवत नाही. "असेल. कवितेतून सिद्ध कर," एवढंच म्हणतो. आणि वर्ग पहिल्यांदा कविता नीट वाचायला लागतो. जमिनीच्या मोजणीला आल्यासारखा. काठ आहे, पाणी आहे, डोह आहे, झाड आहे. बाजू भक्कम होत चाललेली असते. मग त्याच गावातून सायकलवर येणारा एकजण हळूच म्हणतो, "सर, आमच्याकडं नदी हाय. ह्यात झरा म्हटलंय. कृष्णेला कुणी झरा म्हणंल का?" थोड्या वेळाने दुसरी म्हणते, "आणि घरं चारच आहेत. औदुंबरात चारच घरं कधी असतील?" दावा फेटाळला जातो. निकाल द्यायला मला तोंड उघडावं लागत नाही.

परीक्षेतल्या रसग्रहणासाठी मला जे शिकवायचं असतं त्यातलं निम्मं इथेच शिकवून होतं. जे म्हणायचं ते कवितेतल्या कशावर तरी बोट ठेवून म्हणायचं. बोट ठेवता आलं नाही तर ते वाक्य कितीही गोड असो, खोडायचं.

मग बोट ठेवून काय दिसतं ते बघायला आम्ही बसतो. क्रियापदं वेगळी काढा, असं मी सांगतो. मुलांना हे व्याकरणाचं काम वाटतं म्हणून ती निमूट करतात. झरा वाहतोय. शेतांनी दाटी केली आहे. वाट आडवीतिडवी होत निघाली आहे. काळोखी लाटांवर पसरते आहे. म्हणजे ज्या गोष्टी प्रत्यक्षात जागच्या हलत नाहीत त्यासुद्धा या कवितेत कुठे ना कुठे निघालेल्या आहेत. आणि एकजणच बसला आहे. तोही टेकून, निवांत, पाय पाण्यात सोडून, जसे उन्हाळ्यात ओढ्यावर आपण बसतो. अख्खी कविता हालत हालत येते आणि या बसलेल्यापाशी थांबते.

इथे पहिल्या बाकावरचा हुशार हात वर होतो. "सर, चेतनगुणोक्ती अलंकार." अगदी बरोबर. निर्जीव वस्तूला सजीव कल्पून ती माणसासारखी वागते असं वर्णन केलं की चेतनगुणोक्ती. गुण मिळणार. हात खाली जातो, चेहऱ्यावर समाधान पसरतं आणि वही बंद होते. मला त्या वहीची फार काळजी वाटते. अलंकाराचं नाव सापडलं की आपण सुटलो असं मुलांना वाटतं, आणि त्यांना तसं वाटायला आम्ही मास्तरच जबाबदार आहोत, कारण वर्षानुवर्षं आम्ही नावाखाली रेघ ओढून बरोबरची खूण करत आलो. पण नुसतं नाव सांगितलंत तर पोलिसांनी पाकीटमाराचं नाव-गाव लिहून घ्यावं आणि पाकिटाबद्दल विचारूच नये, तशातली गत. झाडाला पाय आहेत हे कळलं. ते पाय चालत का नाहीत? बाकी सगळ्यांना कवीने चालवलं, याला का बसवलं? उत्तर एकच असं नाही. पण जो मुलगा हा प्रश्न एका वाक्यात लिहील त्याच्या उत्तरपत्रिकेवर माझ्यासारख्या परीक्षकाची डुलकी मोडेल, एवढं खात्रीने सांगतो.

रंगांचंही तसंच. झऱ्याला निळेपणा, शेतांना हिरवेपणा, वाट पांढरी, डोह काळा. मुलं यादी करतात आणि 'रंगसंगती मनोहारी आहे' असं लिहून मोकळी होतात. क्रम कुणी बघत नाही. उजेडाकडून अंधाराकडे जाणारा तो क्रम आहे. आणि शेवटच्या अंधाराला बालकवींनी भयाण वगैरे म्हटलेलं नाही, त्याला गोडवा दिला आहे. काळोख गोड का असावा, यावर मी वर्गात विचारलं की दोन मिनिटं शांतता पसरते, आणि माझ्या मते ती दोन मिनिटं पूर्ण 4 गुणांच्या योग्यतेची असतात. दुर्दैवाने उत्तरपत्रिकेत शांततेला रकाना नाही.

रस ठरवायची वेळ आली की मात्र गोंधळाला तोंड फुटतं. नऊ रस मुलांना पाठ आहेत. शृंगार, वीर, करुण, हास्य, रौद्र, भयानक, बीभत्स, अद्भुत, शांत. शृंगार म्हणताना मागच्या बाकांवर एक खास खोकला येतो, तो अनेक तुकड्यांपासून चालत आला आहे. 'औदुंबर'मध्ये कोणता रस? बहुमत शांत रसाकडे. एक गट करुण म्हणतो. एका मुलीने एकदा भक्तिरस म्हटलं, कारण औदुंबर म्हणजे दत्त. नवात तो नाही असं सांगितल्यावर तिने विचारलं, "मग देवळात कोणता रस असतो?" या प्रश्नाचं उत्तर देताना पंडितांचीही दमछाक झालेली आहे, हे मी तिला सांगितलं आणि पुढे सरकलो.

खरं म्हणजे भरताच्या नाट्यशास्त्रात मूळ गणती आठ रसांची मानली जाते. शांताला पंगतीत जागा मिळाली ती मागाहून, बराच खल होऊन. आणि भरत बोलत होता तो नाटकाबद्दल. रंगमंच, नट, वेष, संगीत, तासन्‌तास चालणारा प्रयोग. विभाव, अनुभाव, व्यभिचारी भाव एकत्र आले की रस निपजतो, हे त्याचं सूत्र. लोल्लट, शंकुक, भट्टनायक आणि अभिनवगुप्त असे एकापेक्षा एक विद्वान 'निपजतो म्हणजे नेमकं काय होतं' यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडले. त्या सगळ्यांच्या भांडणाचं ओझं आपण एका एकोळी उत्तरावर टाकलं आहे: 'या ओळींत शांत रस आहे.' शेजारच्या वर्गातला गणिताचा मास्तर विचारतो, तुमच्या विषयात बरोबर उत्तर एकच का नसतं? मी त्याला शंकुक वाचायला देणार आहे.

कवीचा परिचय हा भाग मुलांना आवडतो, कारण त्यात घडामोडी असतात. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे. जन्म 1890. जळगावला 1907 साली कविसंमेलन भरलं, तिथे या पोराने सगळ्यांना थक्क केलं आणि 'बालकवी' ही पदवी मिळवली. रेव्हरंड टिळकांच्या घरी तो राहिला, लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त ठोमरे भेटतोच. आणि 5 मे 1918 रोजी, जळगावजवळ भादलीला, रेल्वेच्या रुळांवर मालगाडीखाली त्याचा अंत झाला. वय 27.

एवढं सांगितलं की वर्ग गप्प होतो, आणि त्यानंतर 'औदुंबर' पुन्हा वाचली की तीच कविता राहत नाही. पांढरी वाट रुळासारखी दिसू लागते. डोह म्हणजे मरण, याबद्दल कुणालाच शंका उरत नाही. "सर, त्यांना आधीच कळलं होतं!" इथे मला मोडता घालावा लागतो. कविता लिहिणाऱ्याला पुढची मालगाडी माहीत नव्हती, ती आपल्याला माहीत आहे. मरणाचा अर्थ काढायचा तर खुशाल काढा, तो काळा डोह तिथे आहेच, पण पुरावा डोहातून आणा, भादलीहून नको. मुलांना हे पटतं, पण आवडत नाही. गोष्ट कुणाला नको असते?

केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्‌स नावाचे प्राध्यापक होते, त्यांनी यावर एक जालीम उपाय केला होता. त्यांनी विद्यार्थ्यांना कविता वाटल्या त्या कवींची नावं गाळूनच. वाचा आणि काय वाटतं ते लिहून आणा. अशा 13 कवितांवरचे अभिप्राय त्यांनी 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या पुस्तकात 1929 साली छापले. ते वाचून अजूनही मराठीच्या मास्तराला मोठा दिलासा मिळतो. वाङ्मय शिकणाऱ्या, चांगल्या घरच्या, इंग्रजी मातृभाषा असलेल्या त्या तरुणांना कवितेचा सरळ अर्थच लागत नव्हता. नावाचा आधार गेल्यावर थोरामोठ्यांच्या कवितांना त्यांनी झोडपलं आणि बेताच्या कविता डोक्यावर घेतल्या. कवितेत नसलेल्या, पण आपल्या मनात आधीपासून घर करून बसलेल्या भावना तिच्यावर चिकटवून ती मुलं गहिवरली होती. आमच्याकडे याच्या नेमकं उलट. मुद्द्यांच्या आधारे कवितेवर जी कृती असते तिचा पहिलाच मुद्दा, 'प्रस्तुत कवितेचे कवी किंवा कवयित्री'. ज्याला बाकी काहीही येत नाही त्याला निदान नाव येतं. आणि मला ते गैर वाटत नाही. लेकराला हातात काहीतरी पडावं. त्याच कृतीत ओळींचा सरळ अर्थही विचारतात. तो प्रश्न सोपा समजून मुलं घाईत उरकतात. रिचर्ड्‌ससाहेबांनी तो आधी तपासला असता.

पण या कृतिपत्रिकेतला माझा लाडका मुद्दा वेगळाच आहे. तो असतो शेवटी, जरा आडोशाला: 'प्रस्तुत कविता आवडण्याचे किंवा न आवडण्याचे कारण लिहा.'

किंवा न आवडण्याचे! ज्या देशात पाहुण्यांसमोर पोह्यांत मीठ कमी आहे असं म्हणायची सोय नाही, तिथे पंधरा वर्षांच्या मुलाला छापील परवानगी दिलेली आहे की बाबा, हा मोठा कवी, हे सरकारी पुस्तक, ही तुझी बोर्डाची परीक्षा, आणि तुला कविता आवडली नसेल तर तसं लिही, कारण दे, गुण घे. एवढी उदारता मला दुसऱ्या कुठल्याही अर्जात आढळलेली नाही. आणि हा हक्क कुणी बजावत नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या गठ्ठ्यांत प्रत्येक कविता प्रत्येकाला आवडलेली असते. 'उत्तमलक्षण' तर सगळ्यांना फारच आवडते. हे करू नको, तिकडे जाऊ नको, आळस करू नको, असं घरी दिवसभर ऐकून शाळेत येणारा मुलगा, तेच सतराव्या शतकातून पुन्हा ऐकतो आणि लिहितो, 'म्हणून ही कविता मला मनापासून आवडते.' खोटं बोलायचं पहिलं प्रशिक्षण आपण त्याला समर्थांच्या साक्षीने देतो.

मोठी माणसं मात्र न आवडल्याचं जोरात सांगतात. मर्ढेकरांच्या 'काही कविता' 1947 साली निघाल्या आणि त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. न आवडण्याचं कारण द्यायला कोर्टाची पायरी चढलेली ती मंडळी. मर्ढेकर निर्दोष सुटले. त्या खटल्यात कवितेचा सरळ अर्थ कोणी किती मिनिटांत लावला असेल, याचा विचार माझ्या मनात पेपर तपासताना हमखास येतो.

न आवडण्याचं कारण लिहिणं अवघड असतं, हे मुलांनी ओळखलेलं आहे. आवडल्याचं कारण द्यायला ब्लाउजपीस चालतो. न आवडल्याचं कारण द्यायचं तर कवितेत नेमकं कुठे खटकलं ते दाखवावं लागतं, आणि ते दाखवायला ती वाचावी लागते. म्हणून गेल्या वर्षीच्या घटक चाचणीत मी हट्टाने तेवढाच प्रश्न ठेवला. कविता 'औदुंबर', आठवडाभर वर्गात घोळवलेली. गुण 4. 'कविता आवडली असल्यास किंवा नसल्यास कारण लिहा.' वर्गाला बजावून सांगितलं की दोन्ही उत्तरांना सारखेच गुण आहेत. वर्गाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की यात सरांचा काहीतरी डाव आहे.

गठ्ठा उघडला. आवडली, आवडली, फार आवडली. निसर्गाचे हुबेहूब चित्र. 'या कवितेतून झाडे लावा, झाडे जगवा हा संदेश मिळतो' असंही एका ठिकाणी होतं. औदुंबर पाण्यात पाय टाकून शंभर वर्षं बसला तो यासाठी! आणि मग एक पान आलं, त्यावर पहिलंच वाक्य, 'मला ही कविता आवडली नाही.' खाली कारण: 'यात घरं आहेत पण माणूस नाही. वाट आहे पण वाटेवर कोण नाही. शेतं आहेत पण राखणीला कोण नाही. संध्याकाळी घरातून धूर निघतो तो पण नाही. वाट गावाकडे यायला पाहिजे, ही गाव सोडून डोहाकडे चालली आहे. झाड तिथं एकटंच बसलं आहे आणि त्याला काहीच वाटत नाही. मला वाचून बरं वाटलं नाही. अशा गावात मी राहणार नाही.'

मी ते पान तीनदा वाचलं. समीक्षकांनी 'औदुंबर'वर जे काय लिहून ठेवलं आहे त्यातलं बरंच मी वाचलेलं आहे. चुलीच्या धुराची नोंद घेतलेली माझ्या पाहण्यात नाही. ते लिहिणाऱ्या मुलीला 4 पैकी 4 दिले. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्यांच्याकडे मी डोहाकडे बघावं तसं बघितलं.

पालक सभेला तिची आई आली. शेतावरून थेट आलेली, पदर खोचलेला तसाच. पेपर तिने उलटसुलट करून पाहिला. "सर, मार्क चांगले दिलेत तुम्ही, उपकार आहेत. पण ह्या पोरीला जरा सांगा. आवडलं नाही म्हणून काय लिवायचं? उद्या बोर्डाचा पेपर बाहेरगावी जाणार. तपासणारे कोण असतील, कसे असतील. त्यांना राग आला तर?"

"राग कशाला येईल ताई? प्रश्नातच दोन्ही विचारलंय. आवडलं किंवा नाही आवडलं. आणि तिनं कारण चांगलं दिलंय."

"प्रश्नात विचारतात हो. पावण्यांना पण आपण विचारतोच की, अजून वाढू का म्हणून."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मुलीकडे वळलो. "तू सांग. बोर्डाला काय लिहिणार आहेस?"

तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सर, ती कविता आली तर परत तेच लिहिणार. बाकीच्या सगळ्या आवडल्या म्हणून लिहिते."

"बाकीच्या खरंच आवडल्या?"

"न्हाई सर. पण एवढ्या सगळ्यांची कारणं शोधायला टाइम कुठं पुरतोय."

आईचा जीव भांड्यात पडला. "हां, आता कसं," ती म्हणाली, आणि पेपरावर सही करायला माझ्याकडे पेन मागितलं.